टूल रूमच्या दाराची कडी

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवते ती बहुतेक वेळा दुपारी चारनंतर, चहा समोर आला की. बायकोला कारण ठाऊक आहे. ती कप ठेवते आणि आत जाते. नोकरीत मी खून पाहिले, दंगली पाहिल्या, रुळांवरून माणसं गोळा केली. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. या प्रकरणात खून नव्हता, चोरी नव्हती, कोणाचा वाईट हेतूही नव्हता, आणि तरी त्यातली एकही तारीख, एकही चेहरा पुसट होत नाही.

वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे माझं बालपण आर. के. पुरमच्या क्वार्टरांत गेलं. पुढे मी इथल्याच पोलिसांत सब-इन्स्पेक्टर म्हणून लागलो आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना दिल्लीच्या कडेला असलेल्या एका ठाण्याचा प्रभारी झालो. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांची तर नाहीच. आमच्या हद्दीत कोळशावर चालणारं एक जुनं वीज केंद्र होतं. धुरामुळे ते काही वर्षांपूर्वी कायमचं बंद केलं गेलं. यंत्रं लिलावात गेली. उरली ती उंच चिमणी, बॉयलरचा सांगाडा, टर्बाइनची रिकामी इमारत आणि गेटवर खासगी कंपनीचे दोन पहारेकरी. मागून कालवा वाहतो. इथे सगळे त्याला नहर म्हणतात.

सप्टेंबरातला रविवार होता. सकाळची हजेरी आटोपत असताना तिशीतली एक बाई ठाण्यात आली. मानेसरच्या एका कारखान्यात, जिथे गाड्यांचे सुटे भाग बनतात, ती एचआरमध्ये होती. टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचली आणि तिने एकदम मराठीत सुरुवात केली.

"काका, माझे पापा काल सकाळपासून घरी नाहीत. फोन रिंग होतोय, उचलत नाहीत."

पापा म्हणजे सहासष्ट वर्षांचे गृहस्थ, मूळचे भुसावळकडचे. त्याच वीज केंद्रात तीस वर्षं काढून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. बायको वर्षापूर्वी गेली होती, ते एकटेच राहत. टर्बाइनच्या आवाजाने दोन्ही कान जवळजवळ गेलेले.

"उदास असायचे का?" मी विचारलं.

"आई गेल्यापासून चूप चूप असतात. पण तसे उदास नाही हो. काल विश्वकर्मा पूजा होती ना, त्यांनी स्वतः बुंदीचे लाडू केले. दर वर्षी करतात. पूजा झाली की पुराने दोस्तांच्या घरी जाऊन वाटतात. काल कोणालाच नाही मिळाले. मी सगळ्यांना फोन केले."

"पूजा कुठे करतात?"

"प्लांट चालू होता तेव्हा प्लांटमध्येच व्हायची. आता मंदिरात करत असतील. मला बिल्कुल आयडिया नाही, काका. मी कधी विचारलंच नाही."

मी सगळं लिहून घेतलं. बेपत्ता व्यक्तीची नोंद झाली, वर्णन वायरलेसवर गेलं, फोटो रुग्णालयांना गेला. एका हेडकॉन्स्टेबलला वीज केंद्राच्या गेटवरही पाठवलं. तिथला पहारेकरी म्हणाला, "यहाँ परिंदा भी पर नहीं मारता, साहब." हेडकॉन्स्टेबलने ते वाक्य तसंच रोजनामच्यात उतरवलं आणि वीज केंद्र आमच्यापुरतं संपलं.

दुपारी स्कूटर सापडली. निळी, आरशाला पांढरं हेल्मेट अडकवलेलं, कालव्याच्या रस्त्यावर झाडाखाली नीट स्टँडवर लावलेली. डिकीत फोन होता आणि त्यावर मुलीचे कॉल.

कालव्याच्या काठी स्कूटर, मागे ठेवलेला फोन, एकटा म्हातारा, गेलेली बायको. एवढं समोर आलं की आमच्या खात्यातल्या कोणाचंही डोकं एकाच दिशेने धावतं. उडी मारणारी माणसं फोन, घड्याळ, चपला काठावर व्यवस्थित ठेवून जातात, हे मी कितीदा पाहिलं होतं. मी गोताखोर बोलावले. रविवारी अंधार पडेपर्यंत आणि सोमवारी दिवसभर त्यांनी कालवा चाळला. मुलगी कठड्यावर बसून होती. सोमवारी दुपारी ती माझ्याजवळ आली.

"काका, पापा पाण्यात नाहीत. जीव द्यायला निघालेला माणूस पहाटे उठून बुंदी पाडत बसतो का?"

"माणसाच्या मनातलं सांगता येत नाही, बेटा," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा वापरलं होतं की ते आपोआप तोंडात आलं.

त्याच दिवशी एका खबऱ्याने सांगितलं की शनिवारी सकाळी एक कबाडी त्या रस्त्यावर हातगाडी घेऊन फिरत होता. कबाडी उचलून आणला. पत्र्याचे तुकडे वेचणारा हडकुळा माणूस, कुठल्याही प्रश्नाला आधी हात जोडायचा. मी त्याच्याशी आवाज चढवून बोललो आणि मंगळवारी सकाळपर्यंत ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. त्याला काहीच माहीत नव्हतं. जाताना त्याने माझे आभार मानले.

मंगळवारी दुपारी आमच्या ठाण्यातली एक तरुण महिला कॉन्स्टेबल फोन घेऊन माझ्या खोलीत आली. हरियाणाची मुलगी, बेपत्ता व्यक्तींचं काम तिच्याकडे होतं. ओसाड इमारतींत, बंद कारखान्यांत शिरून फोटो काढणाऱ्यांची एक जमातच आहे, हे मला तिने सांगितलं. अशाच एका पानावर तिला एक फोटो दिसला होता. फुटलेल्या मोठ्या खिडकीतून खाली कालवा, कालव्याचा रस्ता, आणि झाडाखाली नखाएवढी निळी स्कूटर. तिने फोटो मोठा करून दाखवला. आरशाला पांढरं काहीतरी लटकत होतं.

"सर, ये प्लांट के अंदर से लिया है. शनिवार रात को डाला है."

पानावर फोटोवाल्याचा नंबर होता. त्याला बोलावलं. साडेचारला तो हजर झाला. पस्तिशीतला, स्वच्छ कपडे, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. नोएडात कुठल्याशा आयटी कंपनीत होता. आत आला, पाटीवर नजर गेली आणि चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"सर, तुम्ही मराठी?"

दिल्लीत जन्म गेलेल्या माणसाला हा प्रश्न काय करतो, ते महाराष्ट्रात राहणाऱ्याला कळणार नाही. दिवसभर हिंदीत आदेश देऊन, हिंदीत शिव्या घालून तोंड आंबलेलं असतं. मी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला. मूळचे कुठले, विचारलं. पुण्याचा निघाला. राहायला मयूर विहारला, माझ्या बहिणीच्या दोन सोसायट्या पलीकडे. तिथे थालीपिठाची भाजणी कुठे मिळते, इथवर आम्ही पोहोचलो. मग मी फोटो पुढे केला.

"हा कुठला?"

"सर, लोकेशन आम्ही सांगत नाही. म्हणजे ग्रुपचा रूलच आहे. एकदा जागा कळली की लोक येतात, तोडफोड करतात, सगळं उचलून नेतात."

"जागा मला माहीत आहे. कधीचा आहे ते सांगा."

त्याने गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. "मागच्या महिन्यातला आहे सर. टाकला आत्ता."

"ही स्कूटर?"

"अशा खूप असतात ना सर. मी नोटिस पण नाही केली."

दाराशी उभी असलेली कॉन्स्टेबल म्हणाली, "सर, कैमरे का कार्ड आज ही देख लेते हैं. मैं साथ जाकर ले आती हूँ."

मी तिच्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. शिकलेला, नम्र, आपल्यातला. म्हाताऱ्याला तिथेच स्कूटर लावायची सवय असेल, तर महिनाभर जुन्या फोटोतही ती दिसणारच, असं मी स्वतःला समजावलं. "उद्या सकाळी दहाला कार्ड घेऊन या," मी म्हणालो. साडेसहाला त्याला दारापर्यंत सोडायला गेलो. कबाड्याला कोणी दारापर्यंत सोडलं नव्हतं.

बुधवारी तो साडेनऊलाच आला, लॅपटॉप छातीशी धरून. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"सर, मी काल खोटं बोललो. फोटो शनिवारचाच आहे. बंद जागेत शिरलो म्हणून केस झाली असती तर माझी नोकरी गेली असती. पण ठाण्याबाहेर त्या काकांचं पोस्टर पाहिलं आणि झोप नाही लागली. मी तिथे कोणालाही नाही पाहिलं, शपथेवर सांगतो. तुम्ही बघा सगळे फोटो."

आम्ही तिघं टेबलाशी बसलो. एकेक फोटो पुढे सरकत होता. कोळशाच्या वॅगन यायच्या त्या रुळांपाशी पडलेली भिंत, तिथून तो आत गेला होता. रिकामा टर्बाइन हॉल, कबुतरं, गंजलेले जिने, तळमजल्याचा लांब पॅसेज. पॅसेजमध्ये उजवीकडे लोखंडी दार होतं, त्यावर रंगाने लिहिलेलं 'टूल रूम'. साडेअकराच्या फोटोत ते दार थोडं उघडं होतं आणि कडी खाली लोंबत होती. पुढे पन्नासेक फोटो वरच्या मजल्यांवरचे, त्यातच कालव्याचा तो. मग परतीच्या वाटेवर पुन्हा तोच पॅसेज, वेळ बारा वाजून दहा मिनिटं. तेच दार. लोटलेलं, कडी लावलेली.

कॉन्स्टेबलने बोट ठेवलं. मी विचारलं, "ही कडी कोणी लावली?"

"मीच," तो सहज म्हणाला. "मागच्या दोन्ही वेळेला आम्ही आलो तेव्हा ती लावलेली होती. मला वाटलं आमच्यातलंच कोणीतरी मधे येऊन उघडी टाकून गेलं. आमच्याकडे ते खूप स्ट्रिक्ट आहे सर, काही हलवायचं नाही, काही न्यायचं नाही, जसं होतं तसं ठेवून यायचं. मी हाक पण मारली होती, 'कोई है?' म्हणून. काही आवाज नाही आला, म्हणून..."

त्या माणसाला ऐकू येत नव्हतं, हे मी त्याला सांगितलं. सांगायला नको होतं, निदान तेव्हा तरी. त्याने लॅपटॉप मिटला आणि पुन्हा उघडला, जणू फोटोत काही बदललं असेल.

गेटपासून टूल रूमपर्यंत आम्ही धावत गेलो. सोबत रुग्णवाहिका घेतली होती. कडी घट्ट बसली होती, हेडकॉन्स्टेबलने दगडाने ठोकून काढली.

ते दाराशीच होते, भिंतीला टेकून, पाय पसरून. शरीर अजून पुरतं गार झालेलं नव्हतं. रुग्णवाहिकेतल्या माणसाने मानेवर बोटं ठेवली, बराच वेळ ठेवली, आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

खोली तशी मोठी होती. वर, हात न पोहोचेल अशा उंचीवर, जाळी लावलेला झरोका. समोरच्या भिंतीवर विश्वकर्म्याची तसबीर, तिला वाळलेला झेंडूचा हार. खाली पितळी घंटा, तिची कड चेपलेली. लाडवांचा स्टीलचा डबा, त्याचा तळ आत गेलेला. रिकामी पाण्याची बाटली. केंद्र चालू असताना कामगार या खोलीत पूजा करत, अवजारांना हळदकुंकू लावत. बंद पडल्यावर दर वर्षी त्या दिवशी हे एकटे भिंतीच्या भगदाडातून शिरायचे, तसबीर पुसायचे, हार घालायचे, कडी लावून निघून जायचे. मुलीने रागावू नये म्हणून तिला सांगायचे नाहीत. फोन डिकीत ठेवायचे, कारण चालू केंद्रात फोन आत न्यायला बंदी होती. बंदी घालणारं केंद्र बंद पडलं, सवय राहिली. या सवयीलाच मी आत्महत्येचा पुरावा समजलो होतो.

डाव्या भिंतीवर लाकडी फळा होता. कोणतं अवजार कुठे टांगायचं ते कळावं म्हणून त्यावर पाने, हातोड्या, करवती यांच्या आकृत्या पांढऱ्या रंगाने काढलेल्या. अवजारं सगळी लिलावात गेली होती. तीस वर्षं अवजारं हाताळलेला माणूस त्या खोलीत चार दिवस होता आणि त्याच्या हाताला एक पाना लागला नाही. अवजारांची नोंद करायचा खडू मात्र तिथेच होता. त्याच खडूने त्यांनी फळ्याच्या मोकळ्या कोपऱ्यात लिहिलं होतं. केंद्रात प्रत्येक पाळीची नोंद ठेवायची शिस्त असते, तशीच. ए, बी, सी.

शनि, बी. दार बाहेरून बंद. घंटा वाजवली.
शनि, सी. कोणी नाही.
रवि, ए. डबा वाजवला. पाणी अर्धी बाटली.

असं सरळ खाली उतरत गेलेलं. कुठेही कोणाला दोष नाही, देवाचा धावा नाही. अक्षर सोमवारपर्यंत सुबक. शेवटच्या तीन ओळी अशा होत्या:

मंगळ, बी. घंटा वाजवली. कोणी नाही.
मंगळ, सी. हात उचलत नाही.
बुध, ए.

त्यापुढे काही नव्हतं. पंचनाम्यात या ओळी मी माझ्या हाताने उतरवल्या. मग कॉन्स्टेबलने माझ्या हातातून पेन घेतलं आणि उरलेला पंचनामा तिने लिहिला.

पहारेकऱ्याची वही तपासली. रविवारी दुपारी एक नोंद होती, 'अंदर से टन टन की आवाज़, कबाड़ी होगा, सीटी बजाई.' मी त्याच्यावर ओरडणार होतो. पण मग माझा रोजनामचा आठवला, परिंदावालं ते वाक्य आठवलं, आणि मी वही मिटून त्याला परत दिली. त्याने आवाजाची नोंद केली. फोटोवाल्याने दाराची केली. मी सगळ्याची केली, लाडवांचीसुद्धा. शिस्तीत कोणी कमी पडलं नाही.

फोटोवाल्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. तो दर तारखेला वेळेवर यायचा, आणि प्रत्येक वेळी मला बाजूला घेऊन तेच विचारायचा, "सर, मी नेमकं काय चुकीचं केलं?" त्याने कॅमेरा विकून टाकल्याचं कळलं. खटल्याचं पुढे काय झालं माहीत नाही, तोवर मी निवृत्त झालो होतो. माझी चौकशी झाली नाही. कोणी एक मेमोसुद्धा दिला नाही. निरोपसमारंभात माझ्या तपासकौशल्याबद्दल चांगले शब्द बोलले गेले, आणि मी हात जोडून ते ऐकले.

प्रशिक्षण घेणारी मुलं कधी भेटायला येतात. या प्रकरणातून काय शिकलात, विचारतात. पूर्वी मी सांगायचो की समोरचा माणूस आपल्यातला वाटला की जास्त संशय घ्या. आता तेही सांगत नाही. शिकलेलं पुढच्या कोणाच्या तरी कामी येतं, हे खरं. पण ज्याच्या जिवावर आपण शिकलो त्याच्या ते कामी येत नाही, आणि मला राहून राहून तेवढंच दिसतं.

तेराव्यानंतर मुलगी वडिलांची घंटा आणि डबा न्यायला ठाण्यात आली. तिने पंचनाम्याची प्रत मागितली. तो तिचा हक्क होता. माझ्यासमोर बसून तिने ती वाचली, बोटाने एकेक ओळ धरून. मी आशेने बसलो होतो की तिला त्या अक्षरांचा अर्थ लागणार नाही. पण ती मानेसरला रोज कामगारांच्या पाळ्याच लावत होती.

"बी म्हणजे दोन ते दहा ना, काका?"

"हो."

"मंगळवारी बी शिफ्टला तो माणूस इथे होता. कॉन्स्टेबल दीदी म्हणाली."

"हो. साडेचार ते साडेसहा."

तिने प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"दोन तास काय विचारलं त्याला, काका?"

मी तिला सांगू शकलो नाही की मी त्याला विचारलं होतं, भाजणी कुठे मिळते.